पाहुण्याची खुर्ची

चहाला उकळी फुटत होती. पुढच्या खोलीत वेताच्या पट्ट्या टबात भिजत पडल्या होत्या. मागच्या अंगणात नवरा एका खुर्चीच्या निखळलेल्या पायाला सरस लावून तो दोरीनं आवळत होता. कॉलेजातली लेक आरशापुढे उभी राहून आपल्याच केसांशी भांडत होती, आणि वहिनी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती. नाताळ अगदी तोंडावर आलेला. अशा भर गडबडीत दारावर थाप पडली. घराला बेल होती, चांगली वाजणारी होती. तरी थाप पडली, आणि तीही तळहातानं, सलग, जणू आतल्या लोकांनी काहीतरी चोरून दडवलंय.

"आई," लेक आरशातूनच म्हणाली, "फौजदार."

वहिनी तशीच, एका चपलेनिशी दाराकडे निघाली.

तिला वहिनी म्हणत नाही असं गल्लीत कुणी नव्हतं. दूधवाला म्हणायचा, समोरचा न्हावी म्हणायचा, मोडक्या खुर्च्या घेऊन येणारे डॉक्टर म्हणायचे, एवढंच काय, चर्चचे पाळकसुद्धा. वेताच्या खुर्चीची जाळी तिच्यासारखी विणणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं, आणि कामाइतकीच तिची जीभही गोड. तिला वहिनी म्हणत नसे ती एकच व्यक्ती, आणि तसं म्हणायचा खरा हक्क तिचाच होता. ती म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. घरात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे फौजदार. ताईंनी उभा जन्म मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून काढला होता. त्यांच्या चपलांचा आवाज आला की झोपलेल्या मुलीसुद्धा पुस्तक उघडत म्हणे. भावजयीला त्या "अगं ए" म्हणत. लग्न होऊन ती या घरात आली त्या पहिल्या सकाळी "अगं ए, दूध उतू जातंय" असं जे सुरू झालं, ते आजतागायत.

त्यातून सासरे गेले त्या दिवसापासून बहीण-भावात बोलणं नव्हतं. दफनभूमीच्या फाटकातच, चार माणसांदेखत, ताई भावाला म्हणाल्या होत्या, "तुला बाप मिळाला, दुकान मिळालं. मला काय, येण्याजाण्याचं भाडं?" भावानं तेव्हापासून कानाला खडा लावला होता.

वहिनीनं दार उघडलं. ताई उभ्या होत्या, छडीसारख्या ताठ. पायाशी भलीमोठी ट्रंक.

"चार दिवस राहीन म्हणते," ताई म्हणाल्या. "अडचण असेल तर आत्ताच सांग, म्हणजे ट्रंक आत घ्यायचे कष्ट वाचतील."

"अडचण कसली ताई? या ना."

"मग कपाळावर आठ्या कशाला?"

"आठ्या नाहीत हो, चप्पल सापडत नाहीये."

"ती काय, टबाखाली," ताईंनी उंबऱ्यातूनच दाखवली. "घर आहे की अडगळ?"

त्या पुढच्या खोलीत आल्या. भिंतीशी रचलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या, खुंट्यांचा डबा, भिजणारा वेत, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. खिडकीखालच्या बुटक्या, घासून खोलगट झालेल्या स्टुलावर ती जरा रेंगाळली. मग त्या मधल्या खोलीत गेल्या.

आता इथं त्या खुर्चीबद्दल सांगायला हवं.

सासऱ्यांनी घरात एक रीत घालून दिली होती. नाताळच्या महिन्यात जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची मोकळी ठेवायची. "पहिल्या नाताळच्या रात्री ज्या अवघडलेल्या आईला आणि तिच्या नवऱ्याला जागा नाही म्हणून दारातून परत पाठवलं, त्यांची ही जागा," असं ते म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्याला ही रीत फार आवडे. एका वर्षी पाळकांनी उपदेशात तिचा उल्लेख केला, तेव्हा वहिनीला मान कुठं लपवावी आणि कुठं दाखवावी ते कळेना. मग तिनं त्या खुर्चीसाठी खास उशी शिवली, निळी, वर सोनेरी चांदणी भरलेली. आता खरं सांगायचं तर त्या खुर्चीत इतक्या वर्षांत कुणीही बसलं नव्हतं. लेकीची बॅग बसायची, नवऱ्याचा स्वेटर बसायचा. आणि कुणी बसत नाही म्हणून तिची जाळी फाटली तेव्हा ती विणायचीही राहून गेली. आधी गिऱ्हाइकांच्या खुर्च्या, मग घरच्या. भोकावर उशी टाकली की झालं. दिसायला छान दिसायची.

ताई प्रवासानं दमल्या होत्या. त्यांनी हाताशी आली ती खुर्ची ओढली.

"ताई, ती नको—"

"का नको? ही पाहुण्यांची ना? मग मी कोण, वाटसरू?" असं म्हणून ताई बसल्या.

जुन्या वेताचा कडकडाट झाला. उशी खाली, ताई तिच्यामागोमाग. गुडघे हनुवटीला टेकले, हात दोन्ही बाजूंना, आणि चेहऱ्यावर असं आश्चर्य की वसतिगृहातल्या मुलींनी ते पाहायला काहीही दिलं असतं. लेकीनं हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं, ते काही जमलं नाही. आवाज ऐकून नवरा सरसाचे हात घेऊन धावत आला, आणि इतक्या वर्षांनी त्यानं बहिणीला पाहिलं ते असं, खुर्चीत घडी घातलेलं.

"बघत काय उभा राहिलास बाळ्या? ओढ!"

तिघांनी मिळून ओढलं. "अरे, माझा पाय आहे तो, खुर्चीचा नव्हे!" असं ओरडत ताई एकदाच्या सुटल्या.

आता आभाळ फाटणार म्हणून वहिनी श्वास रोखून उभी राहिली. पण ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी वाकून उशी उचलली, झटकली, चांदणीवरून बोट फिरवलं. मग रिकाम्या चौकटीतून खालची फरशी पाहिली.

"साऱ्या गावाच्या खुर्च्या विणता," त्या हळू म्हणाल्या. "पाहुण्याला भोक. आणि वर चांदणी."

नवऱ्यानं सरसाचे हात शर्टाला पुसले. 

"नाताळच्या सकाळच्या गाडीनं मी जाते," ताई म्हणाल्या. "तोवर खोक्यावर बसेन. खोक्याला भोक नसतं."

नवरा स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे तिला. वर्षाचा सण आहे, उगाच डोक्याला ताप." वहिनीच्याही तळपायाची आग मस्तकात गेली होती. आल्या आल्या बोलायची ही रीत झाली का? पण ते चांदणीचं वाक्य बोटात शिरलेल्या वेताच्या कुसळासारखं आत जाऊन बसलं होतं. भांडी घासताना तिनं मनातल्या मनात प्रार्थना केली, आणि ती काही फार सात्त्विक नव्हती. देवा, तू म्हणतोस प्रीती कर, करते. पण खुर्चीसाठी तुला हीच सापडली? एखादी गरीब, गोड बोलणारी म्हातारी पाठवायची होतीस. तिला मी डोक्यावर घेऊन नाचले असते.

संध्याकाळी लेक ताईंची ट्रंक आतल्या खोलीत न्यायला गेली आणि तिची कंबर लचकायची वेळ आली. "आत्या, यात काय, अख्खं हॉस्टेल भरून आणलंत?" झाकण धड लागत नव्हतं, ते उघडलं. आत उशी होती, भिंतीवरचं घड्याळ होतं, चहाचं भांडं आणि एकच कप होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फोटोची चौकट. चार दिवसांना कोण भिंतीवरचं घड्याळ आणतं?

वहिनी दारात होती. "ताई, खोली सोडलीत का?"

"निवृत्त झाले," ताई झाकण लावत म्हणाल्या. "नव्या मेट्रनला खोली नको?"

"मग नाताळनंतर कुठं?"

"मैत्रीण आहे एक."

ताईंच्या मैत्रिणीबद्दल या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं डॉक्टरांच्या खुर्च्या बाजूला सारल्या आणि ती चौकट पुढ्यात घेतली. जुना वेत कापून काढला, भोकं टोकरून साफ केली. काम सोपं नव्हतं. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्ही अंगांनी तिरक्या. प्रत्येक पट्टी ओली असतानाच ओढायची आणि सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोकायची. सगळं विणून झालं की ते वाळू द्यायचं. वाळता वाळता वेत आपोआप ताणला जातो, आणि जाळी ढोलकीसारखी वाजायला लागते. ओल्या जाळीवर माणूस बसला तर ती जन्माची सैल पडते. म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काम हातावेगळं व्हायलाच हवं होतं. ताई सकाळच्या गाडीनं जाणार म्हणत होत्या. त्यांना थांबवायला वहिनीजवळ ही एक खुर्ची सोडून दुसरं काही नव्हतं. 'राहा' म्हणून तोंडदेखलं सांगणं ताईंनी उडवून लावलं असतं, आणि ते बरोबरही झालं असतं.

ताई समोर खोक्यावर येऊन बसल्या. आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"ढिली आहे."

"हो ताई."

"भिजली नाहीये नीट. कडकड वाजतेय."

"भिजवते अजून."

"खुंटी केवढी ठोकलीस! खुर्ची विणतेस की तंबू ठोकतेस?"

वहिनी मूग गिळून विणत राहिली. लेक जाता येता म्हणे, "आई, तुझं नाव स्वर्गात मोठ्या अक्षरात लिहिणार बघ," आणि वहिनी दातांत पट्टी धरून म्हणे, "तू आधी भाजी चीर."

नाताळच्या आदल्या दिवशीची दुपार कलायला लागली तेव्हा तिरक्या पट्ट्या अर्ध्यावर आल्या होत्या. वहिनीची पाठ भरून आली होती, बोटं वेतानं सोलवटली होती.

"थांब," ताई म्हणाल्या. "तिरकी उलटी चाललीय. वर जायची तिथं खाली गेलीय. घासेल ती. वर्षात तुटेल. उसव."

वहिनीनं पाहिलं. खरंच होतं. घाईत सुरुवातच चुकली होती, आणि तिथून पुढची ओळन् ओळ चुकीची. इतक्या वर्षांच्या कामात अशी चूक कधी झाली नव्हती. आणि ती झाली तेव्हा बघायला नेमकं कोण बसलेलं!  मनात साठलेलं सगळं एकदम जिभेवर आलं. "ताई, तुम्हाला एवढं कळतं, तर मग तुम्हीच—"

आणि ती थांबली, कारण तिची नजर ताईंच्या हातांवर गेली. मांडीवर ठेवलेले ते हात हलत होते. डाव्या हातानं पट्टी धरल्यासारखं, उजव्या अंगठ्यानं खुंटी दाबल्यासारखं. ताईंना त्याचा पत्ताच नव्हता.

"कुठं शिकलात?" वहिनीनं विचारलं.

"कुठं म्हणजे? इथंच. तू बसलीयेस त्या स्टुलाशेजारी. बाबा विणायचे, मी खुंट्या द्यायचे. तिरकीपर्यंत सगळं यायचं मला. मग बाळ्या मोठा झाला. बाबा म्हणाले, हिला शिकवून काय उपयोग, दुसऱ्याच्या घरी जायची पोर." ताई खिडकीबाहेर बघत होत्या. "आणि शेवटी शिकवलं कुणाला? दुसऱ्याच्या घरून आलेल्या पोरीला." मग त्यांनी जोरात नाक शिंकरलं. "धूळ फार आहे तुमच्या घरात."

वहिनीचा हात स्टुलाच्या कडेवर गेला. तिच्याखालचं ते स्टूल. सासऱ्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून तिला त्यावर बसवलं होतं. "आता ही जागा तुझी." माहेराहून आलेलं, नवऱ्याच्या नावाचं असं घरात बरंच काही होतं. पण कष्टानं कमावलेलं, फक्त तिचं असं हे एवढंच, एक बुटकं लाकडी स्टूल. आणि तिला एकदम कळलं की पाहुण्याची म्हणून आपण खुर्ची ठेवली ती आपल्याला नको असलेली, अडगळीतली. ती द्यायला आपलं काय गेलं होतं?

ती उठली. "बसा."

"कुठं?"

"इथं."

ताईंनी स्टुलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मला नाही जमायचं आता," त्या म्हणाल्या. ताईंना काही जमत नाही असं त्यांच्याच तोंडून ऐकायची ही पहिलीच वेळ.

"नाही जमलं तर उसवू. ते तर आत्ताच शिकवलंत मला."

ताई बसल्या. वहिनी उभी राहिली, आणि आपल्या हातांचं काय करावं ते तिला समजेना. काळजात काहीतरी चरचरलं, नाही असं नाही. पण तिनं खुंट्यांचा डबा उचलला आणि ती खोक्यावर बसली. चुकलेल्या पट्ट्या दोघींनी मिळून उसवल्या. मग ताईंनी पहिली नवी पट्टी ओढली. बोटं सावकाश चालली, पण वाट विसरली नव्हती. वर, खाली, वर. अर्धी ओळ झाल्यावर वहिनीला दिसलं की पट्टीची चकचकीत बाजू खाली गेलीय आणि खरखरीत बाजू वर.

काल सकाळपासून अशाच एका संधीची ती वाट बघत होती की! पण आता ती आली तर बोलताना तिचा आवाज अगदी मऊ निघाला. "ताई, पट्टी पालथी आहे."

ताईंनी वाकून पाहिलं. आणि हसल्या. गंजलेल्या बिजागरीसारखं, अडत अडत आलेलं हसू. "बाबांनी पाठीत धपाटा घातला असता."

"मी घालू?"

"घालून तर बघ!"

हा आवाज ऐकून नवरा दाराशी आला आणि तिथंच थबकला. खिडकीखाली, वडिलांच्या स्टुलावर, तशीच मान वाकवून, तशीच जीभ दातांत धरून त्याची बहीण बसली होती. तो तसाच मागे फिरला. वहिनीला वाटलं, झालं, आता हा रुसला. पण तो परत आला तो कोमट पाण्याची बादली घेऊन. ती त्यानं बहिणीच्या हाताशी ठेवली.

"बाबा कोमट पाण्यात भिजवायचे," तो बादलीकडे बघत म्हणाला.

"माहितीय मला. पाणी मीच आणायचे." ताईंनी पट्टी ओढून खुंटी ठोकली. मग म्हणाल्या, "जरा इकडे सरकव, बाळ्या. हात पोचत नाही."

त्यानं सरकवली. मग तो तिथंच फरशीवर बसला आणि खुंट्या देऊ लागला. बहीण-भावाचा तह झाला तो एवढाच. दिवे लागायच्या सुमाराला शेवटची गाठ बसली, आणि खुर्ची खिडकीशी वाळत ठेवली गेली.

नाताळची सकाळ लखलखीत उजाडली. चर्चमध्ये मंडळी अशी गायली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ताईंचा आवाज सगळ्यांच्या वर, अर्धा सूर पुढे. पण घरी आल्यावर सगळ्यांना दाराशी ठेवलेली ट्रंक दिसली. झाकण दोरीनं बांधलेलं. सकाळची गाडी चुकली होती, तरी दोरी सुटली नव्हती. ताई कोट न काढता उभ्या होत्या.

"दुपारची एक गाडी असते," त्या म्हणाल्या.

 वहिनीनं पुढच्या खोलीतून खुर्ची उचलून आणली, टेबलाशी ठेवली आणि जाळीवर तळहात मारला. ढम्म. खणखणीत, भरदार आवाज घरभर घुमला.

"बसा," ती म्हणाली. "उशी नाही घातली आज."

ताई पुढे आल्या. अंगठ्यानं जाळी दाबून पाहिली. खुर्ची उलटी करून खालच्या गाठी तपासल्या. "ही गाठ कुणाची? गबाळी आहे."

"तुमचीच, ताई."

"हं. वाटते तेवढी वाईट नाही."

त्यांनी कोट काढला. खुर्ची सरळ केली. नवरा, लेक, वहिनी, तिघांनी श्वास रोखला. ताई बसल्या. नवा वेत एकदा करकरला, आणि जाळीनं त्यांना अलगद, घट्ट तोलून धरलं.

"जमलं!" नवरा असा ओरडला की समोरच्या न्हाव्यानं खिडकी उघडली. लेकीनं टेबलावर ताल धरला. वहिनी उभीच होती. सोललेली बोटं ओढणीत गुंडाळून ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि एखादी लढाई जिंकल्यासारखी तिची छाती भरून आली होती. लढाई कुणाशी, ते तिचं तिला ठाऊक.

"काय तमाशा लावलाय," ताई म्हणाल्या. "बाई माणूस खुर्चीत बसलीय, एवढंच. सूप गार होतंय."

तेवढ्यात लेकीच्या लक्षात आलं. "पण आता पाहुण्याची खुर्ची कुठाय? ही तर भरली."

नवरा उठला आणि पुढच्या खोलीतून घरातलीच दुसरी खुर्ची घेऊन आला.

"आधी तू बसून बघ," ताईंनी हुकूम सोडला. तो मुकाट्यानं बसला, उठला, आणि मगच ती खुर्ची टेबलाशी लागली. प्रार्थना झाली. सूप वाढलं गेलं.

"मीठ कमी आहे," ताई म्हणाल्या.

वहिनीला राग आला. आला, खोटं कशाला बोला. पण त्या रागाच्या शेजारी आता आणखी कशालातरी ऐसपैस जागा होती. तिनं मिठाची वाटी पुढे सरकवली.

ताईंनी ती घेतली, पण मीठ घातलं नाही. उघड्या दारातून पुढच्या खोलीत त्यांची नजर गेली होती. तिथं बुटकं स्टूल होतं, खुंट्यांचा डबा होता, भिंतीशी दवाखान्याच्या खुर्च्या फाटक्या जाळ्यांनिशी वाट बघत उभ्या होत्या. ताईंनी पावाचा तुकडा मोडला, ताटलीत ठेवला, पुन्हा उचलला. सगळा जन्म त्यांनी हुकूम सोडण्यात घालवला होता. मागायचं कसं, याची जिभेला सवय नव्हती.

"वहिनी," त्या म्हणाल्या.

चमचे जागच्या जागी थांबले.

"डॉक्टरांच्या त्या खुर्च्यांतली एक मला विणायला दे."